लहान काउंटीत राहून बँकरप्सीची कागदपत्रं कशी शोधायची आणि अर्ज कुठे करायचा

काउंटी कोर्टहाउसच्या खिडकीशी जाऊन बँकरप्सीची फाइल मागितली तर क्लार्क नुसती मान हलवेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. अमेरिकेत बँकरप्सी, म्हणजे दिवाळखोरी, हा फेडरल कायद्याचा विषय आहे. काउंटीत घटस्फोट, वारसा, जमिनीचे वाद, वसुलीचे दावे चालतात. बँकरप्सी मात्र फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या हाताखालच्या बँकरप्सी कोर्टात चालते. देशात फेडरल डिस्ट्रिक्ट ९४ आणि काउंट्या तीन हजारांच्या वर, म्हणजे आपल्या गावाजवळ हे कोर्ट असण्याची शक्यता तशी कमीच.

पूर्वी यात खरी अडचण अंतराची होती. आता फोन, टपाल आणि झूमवर बहुतेक काम भागतं. लोक अजूनही अडकतात ते कोणता कागद कोणाकडे असतो हे माहीत नसल्यामुळे.

आधी आपलं डिस्ट्रिक्ट ठरवा

नेब्रास्कातलं चेरी काउंटी घ्या. क्षेत्रफळाने ते कनेक्टिकट राज्यापेक्षा मोठं, मुख्य ठिकाण व्हॅलेंटाइन. नेब्रास्का हे सबंध राज्य एकच डिस्ट्रिक्ट आहे आणि बँकरप्सी कोर्टाची क्लार्क ऑफिसं ओमाहा आणि लिंकनला आहेत. व्हॅलेंटाइनहून ओमाहा सुमारे ३०० मैल. मोंटाना, साउथ डकोटा, वायोमिंग यांचंही तसंच, एक राज्य म्हणजे एक डिस्ट्रिक्ट. (वायोमिंगचं डिस्ट्रिक्ट यलोस्टोन पार्कच्या निमित्ताने मोंटाना आणि आयडाहोच्या हद्दीतही थोडं शिरतं, पण तिथे राहणारे फारसे कोणी नाहीत.) टेक्ससमध्ये गोष्ट वेगळी. २५४ काउंट्या चार डिस्ट्रिक्टमध्ये वाटलेल्या आहेत, आणि शेजारशेजारच्या दोन काउंट्या वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये पडू शकतात.

शोधायची सोपी रीत म्हणजे फेडरल कोर्टांच्या अधिकृत साइटवरचं ‘कोर्ट फाइंडर’. त्यात कोर्टाचा प्रकार ‘बँकरप्सी’ निवडा आणि पिनकोड टाका. खात्री करून घ्यायची असेल तर युनायटेड स्टेट्स कोडच्या २८व्या टायटलमध्ये कलम ८१ ते १३१ उघडा. कोणती काउंटी कोणत्या डिस्ट्रिक्टमध्ये आणि कोणत्या डिव्हिजनमध्ये, हे तिथे नावानिशी दिलेलं आहे.

स्वतः अर्ज करणार असाल तर एक नियम ध्यानात ठेवा. अर्जाआधीच्या १८० दिवसांत जास्तीत जास्त काळ तुम्ही जिथे राहिलात, किंवा जिथे तुमचा मुख्य धंदा वा मुख्य मालमत्ता होती, ते तुमचं डिस्ट्रिक्ट. चार महिन्यांपूर्वी कॅन्ससमधून नेब्रास्कात आला असाल तर गेल्या १८० दिवसांतले जास्त दिवस नेब्रास्काचे होतात, तेव्हा अर्ज नेब्रास्कात. घर-जमीन वाचवण्याच्या सवलतींना मात्र दुसराच हिशेब लागतो. तो पुढे येईल.

फुकटात काय कळतं

फक्त ‘अमक्याने बँकरप्सी केली होती का, आणि निकाल काय लागला’ एवढंच हवं असेल तर एक पैसाही खर्च करू नका. १-८६६-२२२-८०२९ हा कोर्टांचा स्वयंचलित चौकशी क्रमांक आहे, चोवीस तास चालू आणि टोल-फ्री. आधी राज्य किंवा कोर्ट सांगायचं, मग केस नंबर, नाव किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यायचा. उत्तरात कर्जदाराचं नाव, अर्जाची तारीख, चॅप्टर (कायद्याचं प्रकरण, म्हणजे बँकरप्सीचा प्रकार), न्यायाधीश, वकील, ट्रस्टी (केस सांभाळायला नेमलेला माणूस), डिस्चार्जची (कर्जमाफीच्या हुकुमाची) आणि बंद झाल्याची तारीख वाचून दाखवली जाते. कागद मिळत नाहीत, पण घरमालकाला, उधारीवर माल देणाऱ्याला किंवा ‘तुझ्या नावावर बँकरप्सी दिसते’ असं बँकेकडून ऐकलेल्या माणसाला एवढं पुष्कळ झालं.

दुसरा फुकट मार्ग कोर्टलिसनर या साइटवरचा ‘रीकॅप’ संग्रह. फ्री लॉ प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था तो चालवते. इतर कोणी पैसे भरून उतरवलेले कागद तिथे साठतात. मोठ्या केसेस हमखास सापडतात. खेड्यातल्या साध्या चॅप्टर ७ ची फाइल तिथे असेलच असं नाही, पण आधी तिथे डोकावलं तर चार पैसे वाचतात.

तिसरा मार्ग क्लार्क ऑफिसमधले सार्वजनिक संगणक. बघायला पैसे पडत नाहीत, छापायला पानाला १० सेंट. फक्त त्यासाठी ओमाहाला जावं लागेल.

पेसर कसं वापरायचं

खरी फाइल बघायची तर पेसर, म्हणजे फेडरल कोर्टांचे कागद दाखवणारी सरकारी ऑनलाइन सेवा. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. नोंदणी करताना क्रेडिट कार्ड दिलं तर खातं लगेच चालू होतं. नाही दिलं तर चालू करण्याचा कोड टपालाने येतो, त्यात आठवडाभर सहज जातो.

दर पानाला १० सेंट. एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, म्हणजे तीस पानांपुढचं त्या कागदापुरतं मोफत. एका तिमाहीत ३० डॉलर किंवा त्याहून कमी झाले तर ते माफ होतात. घरच्या कामापुरतं वापरणाऱ्याला त्यामुळे बहुधा बिलच येत नाही. पण दोन खड्डे आहेत. नावाने शोधलेल्या यादीला ३ डॉलरची मर्यादा लागू नाही. सगळ्या देशात एखादं साधं आडनाव शोधलंत तर पानंच्या पानं उलगडतात आणि प्रत्येकाचा मीटर पडतो. दुसरं, ‘काही सापडलं नाही’ या उत्तरालाही एका पानाचे १० सेंट लागतात.

म्हणून हा क्रम ठेवा:

१. पेसरच्या ‘केस लोकेटर’ या शोधपानावर देशभर शोधण्याऐवजी प्रकार ‘बँकरप्सी’ आणि कोर्ट किंवा राज्य निवडून घ्या.
२. आडनाव आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे ४ आकडे माहीत असतील तर दोन्ही टाका. यादी एकदम आखूड होते.
३. केस नंबर मिळाला की त्या कोर्टाच्या साइटवर जाऊन डॉकेट (केसमधल्या नोंदींची तारीखवार यादी) उघडा. लांब केस असेल तर तारखांची मर्यादा घालून मागवा, म्हणजे शंभर नोंदींचे पैसे पडत नाहीत.
४. डॉकेटमधून नेमके हवे तेच कागद उघडा.

केस लोकेटरची माहिती रात्री अद्ययावत होते. आज सकाळी झालेला अर्ज तिथे दिसला नाही म्हणजे तो झालाच नाही असं समजू नका, थेट त्या कोर्टात बघा.

नावांचा घोळ आपल्या लोकांच्या बाबतीत फार होतो. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी मधलं नाव म्हणून लागतं, कधी आडनावाला चिकटतं. लग्नाआधीचं आडनाव ड्रायव्हिंग लायसन्सवर राहिलेलं असतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ‘एच’ किंवा दुहेरी ‘ए’ कमीजास्त असतो. अर्जाच्या पहिल्या फॉर्ममध्ये गेल्या ८ वर्षांत वापरलेली सगळी नावं लिहावी लागतात, म्हणून शोधतानाही सगळी रूपं एकेक करून टाका. आडनावाची सुरुवातीची चार-पाच अक्षरं टाकून शोधणं अशा वेळी जास्त कामाला येतं.

केस नंबर वाचायलाही शिका. २४-४०१२३ असा नंबर असेल तर २४ म्हणजे २०२४ साली दाखल. पुढच्या पाच आकड्यांतला पहिला आकडा बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये कोणत्या ऑफिसची केस ते दाखवतो. मधे ‘बीके’ असेल तर मूळ केस. ‘एपी’ असेल तर त्या केसच्या पोटात चाललेला स्वतंत्र दावा, आणि त्याचं डॉकेट वेगळं असतं.

डॉकेटवर नेमकं काय बघायचं

इथे सर्वात जास्त गैरसमज होतात. ‘डिस्चार्ज्ड’ म्हणजे माफ होण्याजोगी कर्जं माफ झाली. ‘डिसमिस्ड’ म्हणजे केस फेटाळली गेली आणि कर्जं जशीच्या तशी उभी आहेत. ‘क्लोज्ड’ म्हणजे कोर्टाने फाइल मिटवली, एवढंच. डिस्चार्ज मिळाला की नाही ते त्या शब्दावरून कळत नाही. डिस्चार्जशिवाय बंद झालेल्या केसेस असतात, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्जानंतरच्या दुसऱ्या शिकवणीचं (पैशांच्या व्यवस्थापनाच्या कोर्सचं; पहिली म्हणजे अर्जाआधीचं पतसमुपदेशन) प्रमाणपत्र दाखलच केलं नाही. अशी चॅप्टर ७ ची केस पुन्हा उघडायला २६० डॉलर पडतात, एका कागदाच्या आळसापायी.

मालमत्ता शेड्यूल ए/बी मध्ये, सवलतीखाली वाचवलेली मालमत्ता शेड्यूल सी मध्ये, तारण असलेली कर्जं डी मध्ये, बिनतारणी ई/एफ मध्ये, उत्पन्न आय मध्ये आणि खर्च जे मध्ये. धनकोंनी केलेले दावे डॉकेटवर नसतात. ‘क्लेम्स रजिस्टर’ वेगळं उघडावं लागतं. तुम्ही स्वतः धनको असाल, म्हणजे खत किंवा चारा उधारीवर दिला असेल, तर फॉर्म ४१० भरून दावा लावा. कर्जदाराने स्वतःहून केलेल्या चॅप्टर ७, १२ आणि १३ च्या अर्जात मुदत अर्जाच्या तारखेपासून ७० दिवसांची असते. चॅप्टर ७ मध्ये ‘वाटायला काही नाही, दावा लावू नका’ अशी नोटीस आली असेल तर तूर्त थांबलं तरी चालतं.

पूर्ण सोशल सिक्युरिटी क्रमांक, पूर्ण खाते क्रमांक, अल्पवयीन मुलांची नावं सार्वजनिक फाइलमध्ये दिसत नाहीत. त्यासाठी क्लार्कशी हुज्जत घालून उपयोग नाही.

जुनी फाइल असेल तर

कागद संगणकावर सापडतात ते साधारण २००० नंतरच्या दशकापासूनचे. त्याआधीची फाइल कागदी असते आणि ती कोर्टात नसून फेडरल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये किंवा नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये गेलेली असते. तिथे थेट फोन करू नका. आधी बँकरप्सी क्लार्ककडून तीन गोष्टी मागून घ्या, ट्रान्सफर नंबर, बॉक्स नंबर आणि लोकेशन नंबर. या तिन्हींशिवाय बॉक्स काढलाच जात नाही. पुष्कळ जुन्या फाइल्स ठरलेल्या मुदतीनंतर नष्टही होतात, तेव्हा निदान डॉकेट आणि डिस्चार्जचा हुकूम शिल्लक आहे का ते विचारा. बहुतेकांना लागतो तोच कागद.

क्लार्ककडून काम करून घ्यायचे डिसेंबर २०२३ पासूनचे दर असे: नावाचा शोध ३४ डॉलर, छायाप्रत पानाला ५० सेंट, प्रमाणित शिक्का १२ डॉलर. नुसत्या उत्सुकतेपोटी नावाचा शोध लावून घेणं महागात पडतं. वर सांगितलेल्या टोल-फ्री नंबरवर तीच माहिती फुकट आहे.

तरीही काउंटीत जावंच लागतं

बँकरप्सीची फाइल काउंटीत नसली तरी अर्धी हकिकत तिथेच असते. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसात (राज्यागणिक नाव बदलतं, रजिस्टर ऑफ डीड्स, रेकॉर्डर किंवा काउंटी क्लार्क) गहाणखतं, जप्तीच्या नोंदी, कराची थकबाकी आणि कोर्टाच्या निकालावरून जमिनीवर चढलेला बोजा बघायला मिळतो. डिस्चार्जने कर्ज भरण्याची वैयक्तिक जबाबदारी जाते, जमिनीवर चढलेला बोजा आपोआप उतरत नाही. तो उतरवायला बँकरप्सी कोर्टात वेगळा अर्ज करून हुकूम घ्यावा लागतो, आणि त्या हुकुमाची प्रमाणित प्रत काउंटीत नोंदवावी लागते. हे राहून गेलं तर दहा वर्षांनी जमीन विकताना टायटल कंपनी (मालकीहक्क तपासणारी कंपनी) अडवते.

काउंटी कोर्टाच्या दिवाणी नोंदीही चाळा. चालू दाव्यात ‘प्रतिवादीने बँकरप्सी केली’ अशी सूचना दाखल झालेली असते आणि तिच्यावर फेडरल केस नंबर असतो. पेसरवर नाव सापडत नसेल तर हा चोरवाटेचा शोध कामी येतो. ट्रॅक्टर, जनावरं आणि उभं पीक यांवरचं तारण मात्र सहसा राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे नोंदलेलं असतं, तिथेही शोध घ्या.

अर्ज करायचा तर कोणता

चॅप्टर ७ मध्ये सवलतीबाहेरची मालमत्ता ट्रस्टी विकतो आणि उरलेली माफ होण्याजोगी कर्जं संपतात. उत्पन्न राज्याच्या मध्यम उत्पन्नापेक्षा जास्त असेल तर पात्रतेचा हिशेब दाखवावा लागतो. चॅप्टर १३ मध्ये नियमित उत्पन्नातून ३ ते ५ वर्षं हप्ते भरायचे. घराचे थकलेले हप्ते हळूहळू भरून घर राखायचं असेल तर हा मार्ग. एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा बिनतारणी कर्ज ५,२६,७०० डॉलरच्या आत आणि तारणी १५,८०,१२५ डॉलरच्या आत अशी आहे. पोटगी, बहुतेक विद्यार्थी कर्जं आणि अलीकडचे आयकर यातून सुटत नाहीत.

खेड्यात खरा विचार करायचा तो चॅप्टर १२ चा, आणि शहरातले कित्येक वकील त्याचं नावही काढत नाहीत. १९८६ साली शेतीवरच्या कर्जसंकटात तो आला आणि २००५ मध्ये कायमचा झाला. शेतकरी कुटुंब आणि मासेमार यांच्यासाठीच तो आहे. एप्रिल २०२५ पासून शेतकऱ्यासाठी एकूण कर्जाची मर्यादा १,२५,६२,२५० डॉलर. राहत्या घराचं कर्ज वगळून निदान निम्मं कर्ज शेतीचं हवं. उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भागही शेतीचा हवा, अर्जाच्या आदल्या करवर्षात, किंवा त्याआधीच्या दोन्ही करवर्षांत. इथेच पुष्कळांचा अर्ज अडतो. दुष्काळी वर्षात नवरा-बायकोने गावात नोकरी धरली आणि पगार शेतीच्या उत्पन्नाच्या वर गेला, की पात्रता हातची जाते. तेव्हा अर्ज कोणत्या वर्षात करायचा हे करपत्रकं समोर ठेवून ठरवा.

फायदा असा की हप्ते महिन्याला बांधलेले नसतात. पीक हाती आल्यावर वर्षातून एकदा भरायची योजना मांडता येते. जमिनीचं तारणी कर्ज तिच्या आजच्या किमतीपर्यंत खाली आणून नव्या मुदतीवर पसरवता येतं. शेतजमीन किंवा अवजारं विकल्याने लागणारा सरकारी कर काही अटींवर बिनतारणी कर्जाच्या पंक्तीत बसवता येतो. वेळ मात्र कमी मिळतो, योजना अर्जापासून ९० दिवसांत द्यावी लागते. आणखी एक गोष्ट: शेतकऱ्याला धनको जबरदस्तीने बँकरप्सीत ओढू शकत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे. ‘तुला कोर्टात दिवाळखोर ठरवतो’ ही धमकी त्यामुळे पोकळ असते. जप्तीची धमकी मात्र खरी.

आयोवा आणि मिनेसोटासारख्या राज्यांत शेतजमिनीवर जप्ती आणण्याआधी धनकोला मध्यस्थीचा मार्ग धरावाच लागतो. अर्जाच्या आधी ती संधी वापरून घ्या.

जमीन किती वाचते ते राज्य ठरवतं, आणि खेड्यात राहण्याचा इथे चक्क फायदा आहे. टेक्ससमध्ये गावाबाहेरच्या कुटुंबाला २०० एकरांपर्यंत, एकट्या माणसाला १०० एकर. कॅन्ससमध्ये शेतजमीन १६० एकर, पण गावहद्दीत एकच एकर. आयोवात गावाबाहेर ४० एकर, शहरात अर्धा. मात्र एखाद्या राज्याची सवलत मिळायला अर्जाआधी ७३० दिवस तिथेच कायम वास्तव्य हवं, नाहीतर आधीच्या राज्याचा नियम लागू होऊ शकतो. आणि घर-जमीन १,२१५ दिवसांच्या आत घेतली असेल तर सहसा २,१४,००० डॉलरपलीकडची किंमत वाचत नाही, राज्याचा कायदा कितीही उदार असो.

मालमत्तेच्या यादीत जगातली सगळी मालमत्ता येते. भारतातली शेतजमीन, वडिलोपार्जित घरातला न वाटलेला हिस्सा, तिथली बँक खाती, लॉकरमधलं सोनं. ‘अजून माझ्या नावावर झालेलं नाही’ हे न लिहिण्याचं कारण होत नाही. वारसाहक्क आला असेल तर हिस्सा लिहायचा, किंमत अंदाजे का होईना. लपवल्याचं उघडकीला आलं तर डिस्चार्ज जातो, वर फौजदारी गुन्हाही लागू शकतो.

दूरवरून अर्ज दाखल करताना

अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून पतसमुपदेशन घ्यावं लागतं. फोनवर किंवा इंटरनेटवर होतं. मान्य संस्थांची यादी यूएस ट्रस्टीच्या (बँकरप्सीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर, अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायनात ‘बँकरप्सी ॲडमिनिस्ट्रेटर’कडे. अर्जाच्या आदल्या दिवशीपर्यंत प्रमाणपत्र हातात ठेवा. अर्जानंतर घेतलेलं समुपदेशन धरत नाहीत आणि केस फेटाळली जाते.

वकील असेल तर तो संगणकावरूनच दाखल करतो. दीडशे मैलांवरचा वकील घ्यायला काहीच हरकत नाही, तो त्याच डिस्ट्रिक्टमध्ये काम करणारा असला म्हणजे झालं. स्वतः करणाऱ्याला काही डिस्ट्रिक्टमध्ये ‘ईएसआर’ ही ऑनलाइन सोय आहे, काहींत कागद अपलोड करता येतात. बाकी ठिकाणी टपाल किंवा प्रत्यक्ष. टपालाने पाठवलं तर कोर्टात पोचल्याची तारीख ही दाखल तारीख, पोस्टाचा शिक्का धरत नाहीत. धंदा एलएलसी किंवा कंपनीच्या नावावर असेल तर त्या संस्थेला वकिलाशिवाय अर्ज करताच येत नाही.

शुल्क चॅप्टर ७ ला ३३८ डॉलर, १३ ला ३१३, १२ ला २७८. भरण्याआधी कोर्टाचा ताजा तक्ता बघून घ्या. मनीऑर्डर किंवा कॅशियर्स चेक लावा, कर्जदाराचा स्वतःचा चेक कोर्ट घेत नाही. फॉर्म १०३ए भरून चार हप्ते मागता येतात. चॅप्टर ७ मध्ये कुटुंबाचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या दीडपटीखाली असेल तर १०३बी वर पूर्ण माफी मागता येते.

लिलाव डोक्यावर असेल तेव्हा सगळे फॉर्म भरत बसू नका. टेक्ससमध्ये घर-जमिनीचे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात, आणि लोक जागे होतात शुक्रवारी. अशा वेळी फॉर्म १०१ (मूळ अर्ज), फॉर्म १२१ (सोशल सिक्युरिटी क्रमांकाचं निवेदन), धनकोंची नाव-पत्त्यांची यादी, समुपदेशनाचं प्रमाणपत्र आणि शुल्क किंवा हप्त्यांचा अर्ज एवढ्यावर केस उघडते. बाकीचं १४ दिवसांत द्यायचं. टपालाच्या भरवशावर राहू नका, क्लार्कला फोन करून तातडीचा अर्ज कसा घेतात ते विचारा. अर्जाबरोबर वसुलीला स्थगिती लागते, पण लिलाव करणाऱ्याला कोर्टाची नोटीस पोचायला दिवस लागतात. केस नंबर मिळताच तो स्वतः फॅक्स किंवा ईमेलने त्याला पाठवा आणि फोन करून खात्री करा. गेल्या वर्षभरात आधीची एक केस फेटाळली गेली असेल तर ही स्थगिती ३० दिवसच टिकते. दोन फेटाळल्या असतील तर लागतच नाही.

धनकोंच्या यादीत पत्ते अर्धवट टाकणं ही नेहमीची चूक. वसुली एजन्सीचाच पत्ता देऊन मूळ बँक विसरतात, किंवा ज्याला घराशेजारी रोज भेटतो त्या उधारीवाल्याचं नाव संकोचाने गाळतात. गाळलेलं कर्ज माफ झालं की नाही यावर पुढे वाद होतो. ट्रस्टीला गेल्या ६० दिवसांच्या पगाराच्या स्लिप आणि शेवटचं करपत्रक लागतं. करपत्रक धनकोंच्या बैठकीच्या निदान ७ दिवस आधी पोचवा.

ही बैठक, जिला सगळे ‘थ्री फोर्टी-वन’ म्हणतात, चॅप्टर ७ मध्ये अर्जानंतर साधारण २१ ते ४० दिवसांत होते आणि चॅप्टर ७, १२, १३ साठी आता बहुतेक ठिकाणी झूमवर असते. न्यायाधीश नसतो, ट्रस्टी शपथेवर प्रश्न विचारतो. मूळ फोटो ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पुरावा जवळ ठेवा. गाडी चालवत जोडलेल्या माणसाची बैठक ट्रस्टी पुढे ढकलतो. घरी इंटरनेट तुटक असेल तर गावच्या लायब्ररीत स्वतंत्र खोली आधी सांगून ठेवा. इंग्रजीची अडचण असलेल्या आईवडिलांसाठी दुभाषी फोनवर मोफत मिळतो, आठवडाभर आधी ट्रस्टीला कळवा. आणि वेळ नीट वाचा. चेरी काउंटीचा पूर्व भाग सेंट्रल वेळेवर चालतो, पश्चिम भाग माउंटनवर. नोटिशीतली वेळ कोणाच्या घड्याळाची हे न बघता जोडलात तर खोली रिकामी सापडेल, आणि गैरहजेरीवरून केस फेटाळली जाऊ शकते.

ग्रामीण टपाल उशिरा येतं, म्हणून वकील नसलेल्यांनी ‘डीईबीएन’ ही मोफत सोय घ्यावी. कोर्टाचे हुकूम आणि नोटिसा ईमेलने येतात. एक फॉर्म भरून क्लार्कला द्यायचा, बस.

मदत कोणाची घ्यावी

उत्पन्न कमी असेल तर लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनच्या निधीवर चालणारी लीगल एड ऑफिसं जवळजवळ प्रत्येक काउंटीला लागू आहेत, ऑफिस दुसऱ्या गावात असलं तरी. साध्या चॅप्टर ७ साठी अपसॉल्व्ह ही ना-नफा संस्था फॉर्म भरायला मोफत मदत करते. शेतजमीन किंवा धंदा असेल तर तिथे काम होणार नाही, वकीलच लागेल. चॅप्टर १२ च्या वकिलाला पहिल्याच फोनवर विचारा, ‘गेल्या दोन वर्षांत या डिस्ट्रिक्टमध्ये चॅप्टर १२ च्या किती केसेस केल्यात?’ उत्तर पेसरवर पडताळता येतं.

‘पिटिशन प्रिपेअरर’ नावाने जाहिरात करणारे वकील नसतात. तुम्ही सांगाल ते टाइप करणं एवढंच काम ते करू शकतात. कोणता चॅप्टर घ्या, काय लिहू नका, असा सल्ला देणं किंवा कोर्टाचं शुल्क तुमच्याकडून घेऊन भरणं, दोन्हींना कायद्याने बंदी आहे. यांपैकी काहीही करणारा भेटला तर तिथूनच परता.

चॅप्टर ७ मध्ये दुसऱ्या शिकवणीचं प्रमाणपत्र बैठकीच्या पहिल्या ठरलेल्या तारखेपासून ६० दिवसांत कोर्टात पोचलं पाहिजे. ती संस्था स्वतः पाठवते की तुम्हाला पाठवायचं आहे, हे तिलाच विचारा, आणि चार दिवसांनी पेसरवर जाऊन ते डॉकेटवर चढलंय का ते बघा.